छबूबाईंचा निळा शर्ट

पहिलं सांगून टाकते, तो निळा शर्ट माझा नव्हता. महाळुंग्यातल्या आमच्या कंपनीत निळा शर्ट पर्मनंट कामगारांचा. आम्हा ठेकेदाराच्या माणसांना राखाडी. दर सात महिन्यांनी आम्हाला ब्रेक देतात. म्हणजे गेटपास काढून घ्यायचा, दहा दिवस घरी बसवायचं आणि मग नव्यानं भरती करायची. सलग काम दिलं तर पर्मनंट करा म्हणू ना आम्ही! पाच वर्षं एकाच लाइनवर गाड्यांच्या वायरी जोडतेय मी, आणि कागदावर कायम नवीन.

वरद निगडी प्राधिकरणातला. वडील इंजिनिअर, आई कॉलेजात शिकवते. त्याला आमच्यासारख्या पोरापोरींवर फिल्म करायची होती, म्हणून महिनाभर दापोडीला आमच्या गल्लीत कॅमेरा घेऊन यायचा. मुलगा वाईट नव्हता, उगाच खोटं कशाला बोलू? माझ्या आईच्या हातची भाकरी मांडी घालून खायचा, मला दीक्षाताई म्हणायचा. एक दिवस म्हणाला, "ताई, हा राखाडी रंग कॅमेऱ्यात अगदीच मरगळलेला दिसतो. दुसरा शर्ट नाही का?"

माझ्या लाइनवरच्या छबूबाई पर्मनंट आहेत. त्यांच्याकडून निळा मागून आणला, आई घरी नसताना घातला. जबरदस्ती कुणी केली नाही, मलाच बघायचं होतं निळ्यात मी कशी दिसते. भागली हौस! वरदवर चिडते तेवढीच मी माझ्यावरही चिडते.

शूटिंग संपलं तरी शर्ट त्यानं ठेवून घेतला. अजून एक सीन राहिलाय म्हणे. आणि माझा निळ्यातला फोटो पोस्टरवर टाकून मोबाइलवरून गावभर केला. ब्रेक संपवून मी गेटवर गेले तर ठेकेदाराचा सुपरवायझर सयाजी मोबाइल पुढं धरून उभा.

"निळा घालून हिरॉइन झालीस व्हय? उद्या हाच फोटो घेऊन कोर्टात जाशील, मी पर्मनंट होते म्हणून. तुला आता घ्यायचं न्हाई, वरून निरोप हाय."

शर्ट दिला म्हणून छबूबाईंनाही मेमो. मी तिथूनच वरदला फोन लावला. "एवढंच लिहून दे बाबा, की शूटिंगपुरता तू घालायला सांगितलास. ते दाखवून बघते."

"नक्की ताई. फक्त फिल्म दाखवून होऊ दे. आत्ता कंपनीशी वाद नको."

तीन आठवडे नक्की ताई, नक्की ताई! त्याच्या नक्कीच्या बैलाला! आणि मी रोज डबा घेऊन घरातून निघत होते, दापोडी स्टेशनच्या बाकावर बसत होते. आईला काय तोंडानं सांगणार?

फिल्म चिंचवडच्या हॉलमध्ये होती. आई कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून आली. दारातच छबूबाईंचा शर्ट हँगरला टांगलेला, वरून दिवा सोडलेला, खाली पाटी, 'हात लावू नये.' माझं डोकंच फिरलं. पण आई बरोबर होती, गिळलं.

अंधारात पडद्यावर मी आले. निळ्या शर्टात, एवढी मोठी. आईनं माझा हात गच्च धरला. "अगं, केलं तुला पर्मनंट? बोलली न्हाईस ती!" तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला जागच्या जागी मरावंसं वाटलं.

फिल्म संपल्यावर वरदनं मला स्टेजवर बोलावलं. "ही आपल्या शहराची खरी हिरो," म्हणाला आणि माइक दिला. मग मी काय सोडते का?

"शर्ट उसना आहे," मी म्हणाले. "पर्मनंट कुणी केलेलं नाही मला. ह्याच्या फोटोपायी मला कामावरून काढलंय. चार ओळी लिहून मागतेय, तर ह्याला तीन आठवडे सवड नाही. वरद, आत्ता लिही. सगळ्यांसमोर लिही."

लोक उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. हो, टाळ्या! पुढच्या रांगेतल्या एक मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "किती खरं बोलते ही मुलगी!" वरदनं अलगद माइक काढून घेतला. "ते आपण नंतर बोलू, ताई." लोक अजून वाजवतच होते. वाजवत नव्हती ती एकटी माझी आई.

मी तडक बाहेर आले आणि हँगरवरून शर्ट ओढला. तिथली पोरगी ओरडली, "अहो, हात लावू नका, मांडलेलं आहे ते!"

"मांडलेलं? उद्या एका बाईला हा घालून फर्स्ट शिफ्टला जायचंय!"

आई मागोमाग आली. तिनं शर्ट माझ्या हातातून घेतला, झटकला, बाहीला बाही लावून घडी घातली.

"हा धुऊन दे त्या बाईला," ती म्हणाली. "आणि तुझा कुठाय?"

"गेटवरच उतरवून घेतला, आई."

तिनं घडी पिशवीत कोंबली, पदर खोचला आणि हॉलच्या दाराकडं वळली.

"माझ्या हातची भाकरी खाल्लीय त्यानं. चल, कागद लिहून घेतल्याबिगर आज घरी जायचं न्हाई."