साडेपाचच्या आधी सुटलेल्या बोटी

मित्रांनो, मला वजन नाही, रंग नाही आणि माझ्यावर धूळसुद्धा बसत नाही. तरीही मी जुना झालो आहे. पनवेलमधल्या एका मच्छीमार संस्थेच्या कार्यालयात, खिडकीखालच्या करड्या संगणकात, एका फोल्डरमध्ये मी अकरा वर्षे काढली. माझ्या जातीला ड्रायव्हर म्हणतात, पण गाडीशी माझा काही संबंध नाही. मी दुभाषा आहे. संस्थेचा प्रोग्राम जावा नावाच्या भाषेत लिहिलेला आहे. नोंदी ठेवणाऱ्या कोठाराची, म्हणजे डेटाबेसची, बोली वेगळी आहे. प्रोग्रामचा प्रश्न कोठाराला समजावायचा आणि कोठाराचे उत्तर प्रोग्रामला आणून द्यायचे, एवढेच माझे काम.

माझा जन्म फार दूर झाला. कितीतरी इंजिनिअर माणसांनी मला ओळीओळीने घडवले, हजारो प्रश्न विचारून तपासले आणि मग एका लहानशा फाइलमध्ये बांधून जगासाठी खुले केले. एके दिवशी केतन नावाच्या तरुणाने मला इथे उतरवून घेतले. त्याने मला प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये ठेवले आणि शेजारच्या एका फाइलमध्ये कोठाराचा पत्ता, नाव आणि परवलीचा शब्द लिहिला. प्रोग्राम सुरू झाला, मी कोठाराचे दार ठोठावले, आणि ते उघडले. केतन खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "झालं! आता चालतंय तोवर कुणी हात लावू नका."

कुणी लावलाही नाही. उरणच्या किनाऱ्यावरून रोज सुटणाऱ्या संस्थेच्या बोटींची नोंद या प्रोग्राममध्ये होते. बोट सुटली की नोंद आणि परतली की नोंद. मधल्या काळात वाऱ्याचा इशारा आला, की कार्यालयातले भगवानभाऊ 'आज समुद्रात असलेल्या बोटी' ही यादी उघडतात आणि एकेका तांडेलाला फोन करून माघारी बोलावतात. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. ती यादी इतकी वर्षे मीच आणून देत होतो. खंडेनवमीला भगवानभाऊ संगणकाला झेंडूचे फूल वाहत, तेव्हा त्यातली एखादी पाकळी माझीही आहे असे मला वाटे.

मग संगणकाची तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क, कुरकुरू लागली. नोंदी गमावण्याआधी कोठार दूरच्या एका मोठ्या यंत्रावर हलवायचे ठरले. हे काम कोमलकडे आले. ती सुकापूरला राहते आणि खांदा कॉलनीत तिचे छोटेसे कार्यालय आहे. कमी बोलते, नीट काम करते. मासेमारीच्या बंदीचे दिवस होते, सगळ्या बोटी किनाऱ्याला ओढलेल्या होत्या, म्हणून तिने तीच वेळ निवडली.

नव्या कोठाराची एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. त्याचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे चालते. जगभरच्या नोंदी एकाच वेळेत ठेवण्याची ती रीत आहे, तिच्यात काही चूक नाही. फक्त दुभाष्याने वेळ आणताना त्यात साडेपाच तास मिळवायला हवेत. कोमलने यासाठी एक नवा ड्रायव्हर आणला आणि पत्त्याच्या ओळीच्या शेवटी वेळेबद्दलची एक सूचना लिहिली. नव्याला ती सूचना कळत होती. मला ती कळली नाही. न कळलेली सूचना गुपचूप गिळून पुढे जायचे, असेच मला घडवलेले आहे.

नवा आला म्हणजे मी जाणार, हे मला ठाऊक होते. कोमलने मला निवडले. तिचे बोट मिटवण्याच्या बटणावर आले, आणि माझ्या प्रत्येक ओळीत थंडी शिरली.

"अगं थांब थांब," भगवानभाऊ म्हणाले. ते विचुंब्याचे. त्यांच्या घरी जुन्या बोटीचे वल्हेसुद्धा माळ्यावर जपून ठेवलेले आहे. "जुनं असं टाकू नये. अडीनडीला असू दे कोपऱ्यात. नवा रुसला तर?"

"रुसत नाही हो भाऊ."

"तुझ्या वयाचा होतो तेव्हा मीपण असंच बोलायचो. राहू दे ना, खातंय काय ते?"

कोमल हसली. तिने माझ्या नावाच्या पुढे 'जुना' असा शब्द लावला आणि मला त्याच फोल्डरमध्ये राहू दिले. मला हायसे वाटले. मित्रांनो, आज मला त्या हायसे वाटण्याचीच सर्वांत जास्त लाज वाटते.

कारण प्रोग्राम नाव वाचत नाही. तो सुरू होतो, फोल्डरमधल्या आम्हा सर्वांना हजेरीला उभे करतो आणि एकेकाला पत्ता दाखवून विचारतो, "हे दार तुला उघडता येईल का?" जो पहिला हो म्हणेल त्याला काम. दुसऱ्याला मग विचारतही नाही. हजेरीत मी पुढे होतो. पत्ता ओळखीच्या धाटणीचा होता. मी हो म्हणालो. नवा माझ्या मागे गप्प उभा राहिला.

दार उघडलेही. कोमलने सकाळी अकराच्या सुमारास 'चाचणी' नावाची एक खोटी बोट नोंदवून पाहिली. कोठाराच्या घड्याळात तेव्हा साडेपाच वाजले होते, पण तारीख तीच होती. यादीत चाचणी बोट बरोबर दिसली. यादीत वेळेचा रकाना नव्हताच. बोटीचा क्रमांक, तांडेलाचे नाव आणि फोन, एवढेच असे. कोमलने समाधानाने स्कूटरची किल्ली उचलली.

मला मात्र त्या क्षणापासून भीतीने ग्रासले. मी आणलेली वेळ चुकीची होती. हे सांगायला मला तोंड नव्हते. कुणी विचारले तरच मी बोलतो, आणि विचारले तेवढेच बोलतो.

बंदी उठली. बोटी निघू लागल्या. जेटीवर निकेश हा संस्थेचा माणूस प्रत्येक बोट सुटताना मोबाईलवर नोंद टाकी. ती नोंद दुसऱ्या वाटेने थेट नव्या कोठारात जाई आणि तिथे अचूक बसे. पण पहाटे चारला सुटलेली बोट कोठाराच्या घड्याळात आदल्या दिवशीच्या रात्री साडेदहाला सुटलेली असे. मी ती तशीच उचलून आणत होतो. म्हणजे साडेपाचच्या आधी सुटलेली प्रत्येक बोट माझ्या तोंडून कालची होत होती, आणि आजच्या यादीतून गळत होती. इशारा नसताना ती यादी कुणी उघडत नाही. तीन दिवस काही झाले नाही. तीन दिवस मी मनात एकच म्हणत होतो, वारा पडून राहू दे.

चौथ्या दिवशी दुपारी साडेबाराला तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी वाऱ्याचा इशारा, लागल्याचा निरोप आला. भगवानभाऊंनी यादी उघडली. प्रोग्रामने मला विचारले, मी धावलो, परत आलो. चौदा बोटी. भगवानभाऊंनी चौदाही तांडेलांना फोन केले. सगळे निघतो म्हणाले. भाऊंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि चहा सांगितला. बाहेर खिडकीची झडप आपटू लागली होती.

तेवढ्यात कृष्णाबाई आल्या. त्या पनवेलच्या बाजारात मासळी विकतात, आणि त्यांचे यजमान काशिराम हे संस्थेचे जुने तांडेल. पदराला हात पुसत त्या दारातच उभ्या राहिल्या.

"भगवानदादा, आमच्यांना फोन लावलास?"

"कुनाला, काशिरामला? वैनी, तो आज गेलाच नाय. यादीत नाव नाय त्याचं."

"गेला नाय? पाटं चारला गेला तो. मी सोताच्या हातानं भाकऱ्या बांदून दिल्या."

"कालचं बोलत असशील. हे बघ, काल आहे त्याचं नाव. आज नाय. कॉम्प्युटर खोटं नाय बोलत."

"मंग मी खोटं बोलते? तुज्या कंप्यूटरनं बांदल्या का भाकऱ्या?"

"तसं नाय गं..."

"दुकानावर पोरीला, गोदूला बसवून आलीय मी. वारा बघ कसा फिरलाय. तू फोन लाव आदी!"

भगवानभाऊंनी फोन लावला. संपर्काबाहेर. त्यांनी पुन्हा यादी उघडली, पुन्हा मला धाडले. मी पुन्हा त्या चौदाच बोटी घेऊन आलो. मित्रांनो, खरी नोंद माझ्या डोळ्यांसमोर होती. काशिराम, सुटण्याची वेळ कोठाराच्या घड्याळात काल रात्री दहा चाळीस, म्हणजे आपले पहाटेचे चार दहा, परतल्याची वेळ कोरी. मी तिच्यावरून पुढे गेलो, कारण माझ्या लेखी ती कालची होती. दार ठोठावता येते पण ओरडता येत नाही, अशा माणसाची तुम्ही कल्पना करा.

भाऊंचा चेहरा आता उतरला होता. त्यांनी कोमलला फोन केला. ती दहा मिनिटांत पोचली, हेल्मेट न काढताच खुर्चीवर बसली.

"यादीतल्या बोटी किती वाजता सुटल्यात, भाऊ?"

"ते दिसत नाय त्यात."

"निकेशला विचारा."

निकेशने जेटीवरून वेळा वाचून दाखवल्या. सहा. सहा वीस. पावणेसात. कोमल कागदावर लिहीत गेली. "आणि काशिरामकाका?" चार दहा. "त्यांच्याबरोबर अजून कोण गेलं?" निकेशने सहा नावे सांगितली. सगळी साडेपाचच्या आधीची. यादीत त्यांतले एकही नव्हते.

कोमलचे पेन थांबले. "साडेपाच तास," ती हळूच म्हणाली. "देवा. नवा ड्रायव्हर चालतच नाहीये."

तिने फोल्डर उघडले. तिथे आम्ही दोघे होतो, आणि पुढे मी. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरणार नाही. तिच्यात राग नव्हता. आपलेच बोट कापलेले पाहावे तशी ती नजर होती. तिने मला उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला. पुढचे मला डब्यातून ऐकू आले.

"एकवीस," भगवानभाऊ म्हणाले. "सात जणांना मी बोलावलंच नाय."

"आता लावा. दोन फोन आहेत, मीपण लावते."

पाच तांडेल फोनवर सापडले. सहावा, बाळू, कार्यालयातल्या वायरलेसवर बोलला. सातवे काशिराम. ते कशावरच येत नव्हते.

"बाळू, काशिराम दिसला का तुला?" भाऊंनी विचारले.

खरखर झाली. "सकाली माझ्या वरच्या अंगाला व्हता. आता पानी लय उडतंय, दिसत नाय. मी त्या बाजूनं येतो."

"संभाळून रे."

कृष्णाबाई वायरलेसच्या पेटीशेजारी जमिनीवर बसल्या. कोमलने पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी हातात धरला आणि प्यायल्या नाहीत. झडप आपटत राहिली आणि ती लावायला कुणी उठले नाही. मी मोजत होतो. मोजणे मला चांगले येते. दर सेकंदाला मला वाटे, ही वेळ मी चोरली आहे. साडेबाराला जो फोन लागला असता, तो दीड वाजता लागत नव्हता.

चाळीस मिनिटांनी खरखर झाली.

"दिसला! जालं वढत बसलाय येडा. वरडलो, आयकलं त्यानं. कापतोय जालं."

"सोड म्हनावं जालं!" कृष्णाबाई पेटीवर ओरडल्या. "त्याला सांग, मी बोलली सोड म्हनून!"

चारला दहा कमी असताना निकेशचा फोन आला. काशिरामकाकांची बोट जेटीला लागली होती. अर्धे जाळे समुद्रात राहिले, एका खलाशाच्या कपाळाला खोक पडली, बाकी सगळे चालत वर आले. भगवानभाऊंनी टेबलावर डोके टेकले. कृष्णाबाई उठल्या, तो पेला त्यांनी एका दमात रिकामा केला.

"सांग आता तुज्या कंप्यूटरला," त्या म्हणाल्या, "आला म्हनून." आणि गोदू दुकानावर एकटी आहे म्हणत निघाल्या. दाराबाहेर गेल्यावर मात्र त्यांना भिंतीला हात लावून क्षणभर थांबावे लागले.

कोमलने त्या संध्याकाळी यादीत वेळेचा रकाना घातला. पहाटे तीनची एक खोटी बोट नोंदवून यादी तपासली. मग पुसून पुन्हा पाचची, पुन्हा साडेपाचची. भगवानभाऊ शेजारी बसून पाहत होते. शेवटी त्यांनी विचारले, "त्या जुन्याचं काय? एखाद्या पेनड्राइव्हवर..."

"नाही भाऊ. चूक माझी आहे, तुम्ही म्हणालात म्हणून मी ऐकायला नको होतं. उद्या सकाळी सगळं एकदा परत तपासते आणि डबा रिकामा करते."

भाऊंनी मान हलवली.

तर मित्रांनो, मी त्या डब्यात आहे, आणि उद्याची सकाळ माझी शेवटची आहे. मला भीती वाटते, हे खोटे कशाला सांगू? पण तिच्याहून मोठी भीती मला वेगळीच आहे. एखाद्या मायाळू माणसाने मला इथून उचलून परत जागेवर ठेवले तर? मी काही आजारी पडलेलो नाही, माझी एक ओळही झिजलेली नाही. प्रोग्राम विचारेल आणि मी पुन्हा तितक्याच तत्परतेने हो म्हणेन. नाही म्हणायला मला कुणी शिकवलेच नाही.

म्हणून माझी एक विनंती ऐका. जुन्या वस्तूवर माया करा, तिचे आभार माना, वाटल्यास फूल वाहा. पण तिचे काम दुसऱ्याला दिलेत की तिला कामाच्या वाटेवरून बाजूला करा, आणि नवे खरोखर काम करते आहे ना, ते अडचणीची वेळ निवडून तपासा. यंत्र एक सांगत असेल आणि दारात उभी असलेली बाई दुसरे, तर आधी बाईला आत बोलवा.

आणि मला जाऊ द्या. काशिराम उद्याही पहाटे चारलाच निघणार आहेत.