लिलाधरचा कडक चाकू

लिलाधर रंजूला पाहायला आला होता तेव्हा चहाचा कप खाली ठेवायच्या आत होकार देऊन मोकळा झाला होता. तुमसरच्या बाजारात घडीचा चाकू घ्यायला मात्र त्याला अख्खी दुपार लागली, आणि ती सगळी दुपार रंजू मासळीचं रिकामं टोपलं मांडीवर घेऊन भय्याजीच्या दुकानातल्या स्टुलावर बसून होती.

भय्याजीच्या दुकानात कुलपं, विळे, कुदळी, दोरखंड आणि सायकलच्या साखळ्या यांचा नुसता खच. त्यातून त्याने चाकूंचा ट्रे काढून लिलाधरपुढे ठेवला आणि तिथेच तो फसला. लिलाधर एकेक चाकू उचली, उघडी, मिटी, कानाशी धरून पुन्हा उघडी, पातं उजेडात तिरकं करून पाही आणि मनगटावरचे केस काढून धार तपाशी. डाव्या मनगटावर केस उरले नाहीत तेव्हा तो उजव्याकडे वळला.

"हा घ्या ना," भय्याजी शेवटी काकुळतीला येऊन म्हणाला. "स्टीलचा आहे. गंजत नाही, धुतला की झालं. एका अंगठ्यानं उघडते."

"भय्याजी, हा चाकू हाये का चमचा?" लिलाधर म्हणाला. "स्टीलले धार रायते का कधी? अन् येवढा सैल! खिशात उघडला त मांडीच कापन ना माही."

हे अगदीच खोटं नव्हतं. त्याच्या जुन्या चाकूची स्प्रिंग ढिली झाली होती आणि त्याने एका बऱ्या पँटीची वाट लावली होती. शेवटी त्याने निवडला तो शिसवी मुठीचा, लोखंडी पात्याचा, आणि इतका कडक की उघडताना त्याच्याच दंडाची शीर फुगली. त्यावर तर तो जास्तच खूश झाला. रंजूने सहज म्हणून हातात घेतला, पात्यावरच्या खाचेत नख रोवलं आणि जोर लावला. नख वाकलं, पातं जागचं हललं नाही.

"अवो, हा त उघडतच नाही."

"तुले कायले उघडाचा हाये?" लिलाधर हसला. "भाजी चिराले घरी पावशी हाये ना तुले."

गिऱ्हाइकाचं मन पालटायच्या आत भय्याजीने चाकू कागदात बांधून टाकला.

लिलाधर जातीचा ढिवर. आंबागडच्या डोंगराखाली मालगुजारांच्या काळातला जो जुना मामा तलाव आहे, त्यात मच्छीमार संस्थेतर्फे तो आणि रंजू जाळं टाकत. ढिवराला चाकू मिरवायला लागत नाही. जाळ्याची दोरी कापायला, शिंगाड्याचा वेल तोडायला तो लागतोच, पण खरा लागतो तो पाण्याखाली पाय गुंतला तर. म्हणून जुना चाकू कायम लिलाधरच्या करदोट्याला बांधलेला असे. त्याच्याबरोबर तो बुडी मारी आणि त्याच्याबरोबर वर येई. तो कधी कुणी पुसला नाही की त्याचे कधी लाड केले नाहीत; नवा आला तसा तो भंगारात गेला.

नव्या चाकूचे लाड सुरू झाले ते पहिल्याच आठवड्यात, पात्यावर तांबूस ठिपका दिसला तेव्हा. लिलाधरचं तोंड असं उतरलं की त्याच्या आईने, जिजाने, विचारलं, शालूला ताप आला का. शालू ही त्यांची पोर, ती बिचारी अंगणात खणखणीत ओरडत खेळत होती. लिलाधरने ठिपका बारीक दगडावर घासून काढला, पातं चिंधीने कोरडं केलं, आणि मग म्हातारीची तेलाची बाटली उचलली.

ते टोरीचं तेल होतं, म्हणजे मोहाच्या बियांचं. आपल्या झाडीपट्टीत ते गुडघ्यांना लावतात, भेगांना लावतात, आणि लिलाधरच्या मते जगात असं काही नाही ज्याला ते लावता येत नाही. त्याने पात्याला चोपडलं, बिजागरीत सोडलं आणि मग मुठीची सगळी खाच गच्च भरून चाकू मिटला.

"थंडीत गोठते ते," रंजू म्हणाली. हिवाळ्यात रोज सकाळी बाटली चुलीपाशी ठेवून तेल पातळ करून देणं हे तिचंच काम होतं. "पांढरं फटक होते, तुपावानी."

"गोठू दे ना! गोठलं म्हंजे बूच बसलं. पानी शिरनारच नाही."

नवऱ्याला एकदा बूच सुचलं की ते काढणं कुणाच्या हातात नसतं. शिवाय लिलाधरने आणखी एक फर्मान काढलं. नवा चाकू पाण्यात उतरणार नाही. तो चिंधीत गुंडाळून डोंग्यात, म्हणजे त्यांच्या छोट्या नावेत, फळीखाली राहील.

जानेवारीत अशी थंडी पडली की तलावावरचं धुकं सूर्य वर आला तरी हलेना. त्या सकाळी दोघं जाळं काढायला गेली. रंजू डोंग्याच्या मागच्या टोकाला वल्हं धरून, लिलाधर पुढे जाळं ओढत. अर्धंअधिक जाळं वर आलं आणि अडलं.

"खुंटाले अडकलं वाटते," लिलाधर म्हणाला. तलावात जुन्या झाडांचे खुंट होते आणि जाळी त्यांना नेहमीच अडकत. ओढलं तर फाटणार, म्हणून खाली जाऊन सोडवायचं, ही रीतच. त्याने सदरा काढला, थंडीला एक शिवी दिली आणि उतरला.

एकदा वर आला, दम घेतला, पुन्हा गेला. दुसऱ्यांदा जास्त वेळ लागला. मग डोंग्याच्या काठावर एक हात आला, त्याच्यामागून लिलाधरचं तोंड, आणि ते पाहून रंजू वल्हं टाकून पुढे सरकली. हनुवटी पाण्यावर ठेवायला त्याला हाताने स्वतःला वर खेचून धरावं लागत होतं. जाळ्याचा गुंता त्याच्या दोन्ही घोट्यांना बसला होता आणि तो जितका झटकत होता तितका आवळत होता.

"चाकू," तो म्हणाला. "उघडून दे. माहा हात सुटला त मी गेलो."

रंजूने फळीखालून चिंधी ओढली. नखाची खाच सापडेना, कारण खाच दिसतच नव्हती. सगळ्या मुठीवर पांढरा थर घट्ट बसला होता. तिने तो नखाने खरवडला, खाच सापडली, नख रोवलं आणि जोर लावला. नख मुळापासून उलटलं. पातं हललं नाही. पदराने धरून पाहिलं, डोंग्याच्या काठावर घासून पाहिलं. काही नाही. बूच लिलाधर म्हणाला होता तसंच पक्कं बसलं होतं.

तेवढ्यात डोंगा कलला. लिलाधरची बोटं काठावरून घसरली आणि तोंड पाण्याखाली गेलं.

"लिलाधर!"

ती ओरडली आणि पालथी पडून दोन्ही हातांनी तिने त्याचं मनगट पकडलं. तोंड वर आलं. तो खोकत होता, डोळे पांढरे झाले होते. आता तिचे दोन्ही हात गुंतले. चाकू फळीवर तिच्या नाकासमोर पडलेला, पांढऱ्या तेलाने माखलेला, आणि रंजूला दिसली ती घरातली बाटली, चुलीपाशी ठेवलेली, कडेकडेने पाघळणारी. इथे चूल कुठून आणायची? पाणी बर्फासारखं, बोटं त्याहून गार. ऊब होती ती फक्त पोटात आणि तोंडात.

तिने मान पुढे काढली आणि चाकूची बिजागरी तोंडात घेतली.

टोरीचं तेल इतकं कडू असतं की नुसत्या वासाने पोरं पळतात. रंजू ते चघळत राहिली. नाकाने श्वास घेत, दातांत मूठ धरून, जिभेने खाच चाटत. तिकडे लिलाधर हनुवटी वर करून बायकोकडे पाहत होता, आणि त्याला खात्री पटली होती की भीतीने हिचं डोकं फिरलं. रंजूला तोंड उघडून सांगताही येत नव्हतं. तेल सुटायला लागलं, ओठांवरून ओघळलं, हनुवटीवर आलं. तेव्हा तिने एक हात सोडला, मूठ त्या हातात धरली, पात्याची पाठ दाढांत पकडली आणि मान मागे फेकली.

खट् झालं.

तो आवाज लिलाधरने दुकानात कानाशी धरून कितीदा ऐकला असेल, पण इतका गोड त्याला तो कधीच लागला नव्हता. तिने मूठ त्याच्या हातात दिली. त्याने एक श्वास घेतला, तिच्या हातातून मनगट सोडवलं आणि तो खाली गेला.

आणि मग रंजूला करण्यासारखं काही उरलं नाही. ती पाण्याकडे पाहत राहिली. बुडबुडे आले. जाळ्याची दोरी थरथरली, ताणली आणि एकाएकी ढिली पडली. ढिली का पडली हे तिला स्वतःलाही विचारवेना. पुन्हा बुडबुडे आले, आणि मग डोंग्याच्या पलीकडून, भलत्याच बाजूने, लिलाधर फुसकारत वर आला. दोन्ही हात रिकामे, दोन्ही पाय सुटे.

काठावर आल्यावर रंजूने शेजारच्या खळ्यातलं तणीस ओढून आणलं आणि जाळ केला. लिलाधर त्याला चिकटून कुडकुडत बसला. तोवर ती ठीक होती. तो जिवंत आहे, कुडकुडतो आहे, नाक ओढतो आहे, हे नीट पाहून झाल्यावर मात्र तिला असं रडू फुटलं की त्यालाच तिची पाठ थोपटावी लागली. रडताना ती त्याला बुचासकट, तेलासकट, त्याच्या कडक चाकूसकट शिव्या घालत होती, आणि मधेच हसत होती, कारण तोंडातला कडूपणा काही केल्या जात नव्हता.

"अन् चाकू?" शेवटी तिनेच विचारलं.

"कोनता चाकू?" लिलाधर म्हणाला. "असन तठी गाळात. राहू दे." मग जरा वेळाने, चोरटं हसत: "रंजू, तू माहं नाव घेतलं. लगन झालं तवा उखाना घ्या म्हनून बायांनी घसा कोरडा केला, तवा नाही घेतलं तू."

"पुन्हा बुडसान त पुन्हा घेईन," ती म्हणाली आणि तणसाची आणखी एक पेंढी जाळात टाकली.

घरी जिजाने सगळं ऐकलं. उठली, तेलाची बाटली घेतली आणि लिलाधरचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवून आली. वास्तविक लिलाधर तिच्यापेक्षा हातभर उंच होता, पण त्याने ती फळी आजतागायत चाचपलेली नाही.

पुढच्या बाजाराला दोघं भय्याजीकडे गेली. भय्याजीने लिलाधरला ओळखलं आणि त्याचा चेहरा पडला. ट्रे तर निघाला. पण लिलाधरने एकाही चाकूला हात लावला नाही.

"एक बालटी पानी द्या," तो म्हणाला.

"पाणी? चाकू पाण्यात बुडवून पाहणार का?"

"चाकू नाही. हात. रंजू, हात घाल."

रंजूला दुकानातल्या लोकांसमोर लाजेने मेल्यासारखं झालं, पण नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून तिने हात घातले. टाकीचं पाणी गार होतं. बोटं बधिर होईपर्यंत त्याने तिला हात काढू दिले नाहीत. मग एकेक चाकू तो तिच्या ओल्या हातात देत गेला. पहिला उघडला नाही. दुसरा उघडला, पण फार ओढून. लिलाधर मान हलवी आणि पुढचा देई. लोक जमले, कुणीतरी हसलं. शेवटी तिच्या हाती आला तो तोच, स्टीलचा, मागच्या खेपेचा चमचा. अंगठ्याच्या एका रेट्यात त्याचं पातं बाहेर आलं.

"पण तुम्हीच तर म्हणत होते सैल आहे म्हणून," भय्याजी म्हणाला. "तुमच्या हाताला हा कसा चालेल?"

"माह्या हाताले नाही पायजे, भय्याजी. मी खाली रायतो, रंजू वर रायते. उघडाचा हाये तो हिले." त्याने चाकू मिटून रंजूच्या हातात ठेवला. "अन् तेल कोनतं लावू, ते सांगा. मी आपल्या मनानं काही लावत नाही आता."

"शिलाई मशीनचं. थेंबभर. आणि जास्तीचं पुसून टाकायचं," भय्याजी म्हणाला. या खेपेला त्याने चाकू कागदात बांधायची घाई केली नाही.

आता तो चाकू रंजूच्या कमरेला, लांब दोरीने बांधलेला असतो. जाळं खुंटाला अजूनही अडकतं, आणि लिलाधर अजूनही सदरा काढून थंडीला शिवी देतो. पण पाण्यात पाय घालण्याआधी तो थांबतो आणि मागे वळून पाहतो. रंजू वल्हं बाजूला ठेवते, चाकू काढते, एकदा उघडते.

खट्.

"हं," ती म्हणते, "उतरा आता." मगच तो उतरतो.