अव्वाचं बघणं

लातूर नवा जिल्हा झाला, पण पाऊस काही नव्या जिल्ह्यात यायला तयार नव्हता. आमच्या निलंग्यात टँकर आला तर आला. विहिरी कोरड्या आणि मी मात्र इंग्रजीत बुडालेली. लातूरच्या एका नव्या ऑफिसात टायपिस्टची जागा होती, मुलाखत दुसऱ्या दिवशी.

शिकवणीचे गुरुपादप्पा सर म्हणाले होते, "उमादेवी, 'लुक' म्हणजे आपण होऊन बघणं. 'सी' म्हणजे दिसणं. घरातल्या माणसांवर वाक्यं कर, मग घोळ व्हायचा न्हाई."

घरात माणूस एकच, माझी आई, माझी अव्वा. कोवळ्या उजेडात ती पूजेला बसली होती. डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग, नजर त्याच्यावर. ती अशी बसली की आमचं घर हळूहळू कुठंतरी लांब निघून चाललंय, असं मला लहानपणापासून वाटतं. अर्धवट झोपेत मी वाक्यं जुळवत होते. अव्वा लिंगाकडे बघते. लुक. अव्वाला लिंग दिसतं. सी.

तेवढ्यात तिनं पळीभर पाणी घातलं. ते तळहाताच्या बाजूनं सरळ जमिनीवर गेलं.

थेंब सांडला तर घर डोक्यावर घेणारी बाई! ती मंत्र पुटपुटत तशीच बघत राहिली. माझी झोप उडाली. पूजा होईपर्यंत थांबले, मग रिकामा हात तिच्यापुढे धरला.

"अव्वा, माझ्या हातात काय हाय?"

"वही. दुसरं काय असतंय तुझ्या हातात?"

मला हसू आलं आणि लगेच रडू. "कधीपासून दिसंना तुला?"

"आधी सांगितलं असतं तर निघाली असतीस व्हय लातूरला?"

असा राग आला तिचा! दुसऱ्या दिवशी ओढतच तिला एसटीत बसवलं.

ऑफिसात साहेबांनी नाव विचारलं, टायपिंग तपासलं, सोमवारपासून या म्हणाले. इंग्रजीचं एक क्रियापद विचारलं नाही! बाहेर अव्वा लिंबाखाली बसली होती, दाराकडे तोंड करून. मी पुढ्यात उभी राहिले तरी ती दाराकडेच बघत होती.

"लागली नोकरी," मी म्हटलं. "आता तू बी लातूरला. डॉक्टरला डोळे दाखवू."

ती दचकली, हसली. मग हळूच म्हणाली, "तवर पूजा कशी करू गं? लिंगावर पाणी पडंना माझ्या हातनं. कळतंय मला."

मी तिचा तळहात हातात घेतला.

"पाणी मी घालते, अव्वा. तू बघ."