डॉक्टरांची कंबर

नोफेझिलेला भेटल्या भेटल्या वाईट सांगता येत नसे. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा बायकांच्या जिभेला लहानपणापासून तसंच वळण असतं. कुणी "कशी आहेस?" विचारलं की आधी "बरी आहे, तुम्ही कसे आहात?" म्हणायचं. पोराबाळांची, गुराढोरांची चौकशी व्हायची आणि मग सावकाश सांगायचं की परवा नवरा गेला. दारातच रडगाणं सुरू करणारी बाई म्हणजे आईबापांनी काही शिकवलं नाही असं लोक समजत.

पूर्वी मिशनच्या दवाखान्यात एक म्हातारा डॉक्टर होता. चहाचा कप संपेपर्यंत तो दुखण्याचा विषयच काढत नसे. आता तो दवाखानाही गेला आणि तो चहाही.

बावीस वर्षं नोफेझिलेनं तिथल्याच ईस्ट लंडन नावाच्या शहरातल्या एका हॉटेलच्या धुलाईघरात ओल्या चादरी उपसल्या. एका सकाळी अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, पण उजवा हात खांद्यापासून लोंबतच राहिला. हॉटेलनं तिला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं आणि घरी पाठवलं. आपण किती वेळ बिनकामाचे बसलो आहोत, हे निदान तिला नीट मोजता येणार होतं.

गावी ती थोरल्या बहिणीकडे राहिली. नोबंटूच्या म्हातारपणाच्या पेन्शनवर पाच जण जेवत होते, ही सहावी. नोबंटू चकार शब्द काढत नसे. वाढताना डाव तेवढा हलका पडायचा, आणि ते दोघींनाही दिसायचं. अपंगांचं सरकारी अनुदान मिळालं की मक्याच्या पिठाचं एक पोतं आपल्या पैशांनी आणून त्या घरात टेकवायचं, एवढंच नोफेझिलेला हवं होतं.

तपासणीच्या दिवशी तिनं चर्चमधल्या बायकांच्या गुरुवारच्या प्रार्थनेचा गणवेश घातला. काळा स्कर्ट, लाल ब्लाऊज, पांढरी टोपी. सरकारदरबारी जायचं म्हणजे दुसरं काय घालणार? ब्लाऊजची बटणं शेजारच्या नोक्वायियोनं एकेक करून लावून दिली.

डॉक्टर तरुण होता, जोहान्सबर्गहून आलेला. त्याला खोसा भाषा येत होती, रीत येत नव्हती.

"कशा आहात, आई?" कागदावरून मान न उचलता त्यानं विचारलं.

"देवाच्या कृपेनं बरी आहे, डॉक्टर. तुम्ही कसे आहात?"

"या आता," डॉक्टर म्हणाला आणि त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली.

महिन्याभरानं नकाराचं पत्र आलं. नोक्वायियोनं ते मोठ्यानं वाचलं. "'पोशाख नीटनेटका. बटणं व्यवस्थित लावलेली. अर्जदार स्वतः बरी असल्याचं सांगते. हलकं काम करू शकेल.' ऐकलंस? बटणं मी लावली. सरकारनं अनुदान मला नाकारायला हवं होतं."

"मग काय म्हणायचं होतं मी?"

"कण्हायचं होतं. माझ्या दिराला पाठदुखीवर अनुदान मिळालं. दर शनिवारी तो फुटबॉल खेळतो. पण कण्हतो कसा, ऐकत राहावं."

तीन महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येत होता. ते तीन महिने नोक्वायियोनं तिची तालीम घेतली.

"कशी आहेस?"

"बरी... आई गं."

"'बरी' गाळ. नुसतं 'आई गं'."

दुसऱ्या तपासणीला तिनं नोफेझिलेला केस विंचरू दिले नाहीत. अंगावर फाटका झगा, पायात दोन वेगळ्या चपला. रस्त्यात प्रार्थना मंडळाच्या दोघी भेटल्या, त्यांनी चौकशी केली. नोफेझिले म्हणाली, "बरी आहे." नोक्वायियोनं कपाळावर हात मारून घेतला.

आत तोच डॉक्टर. तिला त्यानं ओळखलं नाही.

"कशा आहात, आई?"

नोफेझिलेनं कण्हण्यासाठी छातीत श्वास भरून घेतला. तोंडातून आलं ते नेहमीचंच. "बरी आहे, डॉक्टर. तुम्ही कसे आहात?"

झालं, असं तिच्या मनात आलं. पण डॉक्टरनं पेन खाली ठेवलं.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "कंबर गेली माझी. दिवसाला साठ माणसं, खुर्ची ही असली. रात्री झोप नाही. बायको म्हणते, नाटकं करतोस."

आणि तो सुटलाच. डाव्या बाजूची कळ, उजव्या बाजूची कळ, खाली वाकताना काय होतं, गाडीत बसताना काय होतं. नोफेझिले ऐकत राहिली. मध्ये मध्ये "अरेरे" म्हणाली. बाहेर रांग खोळंबली होती.

"चादरीची घडी करून कंबरेला घट्ट बांधा," ती शेवटी म्हणाली. "धुलाईघरात आम्ही सगळ्या तेच करायचो. पण गाठ ओढून मारावी लागते."

डॉक्टर उठलाच. तपासणीच्या खाटेवरची चादर काढून त्यानं घडी घातली. "दाखवा बरं बांधून."

नोफेझिलेनं डाव्या हातानं एक टोक धरून त्याच्या कंबरेभोवती फिरवलं आणि थांबली.

"दुसरं टोक तुम्हीच ओढा, डॉक्टर. माझा तो हात नुसता माझ्याबरोबर हिंडतो."

डॉक्टरनं त्या हाताकडे पाहिलं. ती आत आल्यापासून पहिल्यांदाच. त्यानं तो उचलला, सोडला. हात धप्पकन खाली पडला. कंबरेला चादर तशीच ठेवून तो खुर्चीत बसला आणि बराच वेळ लिहीत राहिला.

"मिळेल," तो म्हणाला. "पण सहाच महिने. मग परत या. सुधारला असेल तर बघू."

दाराबाहेर नोक्वायियो वाटच बघत होती. "कण्हलीस का नीट?"

"मी नाही," नोफेझिले म्हणाली. "तोच कण्हला."

पैसे सुरू झाले, तेव्हा पिठाचं पोतं नोबंटूच्या ओट्याला टेकलं. त्या संध्याकाळी डाव काठोकाठ भरून आला, आणि तेही दोघींना दिसलं. गुरुवारी नोफेझिलेनं डॉक्टरच्या कंबरेसाठी प्रार्थना केली. मनापासून केली, पण जपून केली. सहा महिन्यांनी पुन्हा जायचं होतं. तोवर ती कंबर पूर्ण बरी होऊन चालणार नव्हतं.