झाकून ठेवलेली लेन्स

मित्रांनो, मुठीत मावेल एवढाच माझा देह. बाहेरून पितळ आणि पोटात काचेची सहा भिंगं. मी कॅमेऱ्याची जुनी लेन्स आहे. जर्मनीतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला, पण आयुष्य गेलं ते परंड्यात, एसटी स्टँडसमोरच्या कल्याणप्पांच्या फोटो स्टुडिओत.

आमच्या कॅमेऱ्याची एक खोड आधी सांगते, कारण पुढचं सगळं दुःख तिच्यातूनच आलं. या कॅमेऱ्यात फोटो काढणारा माझ्यातून बघत नाही. त्याच्यासाठी वर वेगळी छोटी खिडकी असते. तिच्यात समोरचा माणूस दोनदा दिसतो, एकदा ठळक आणि एकदा पुसट. मला हळूहळू फिरवून त्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसवल्या की खटका दाबायचा. बघायचं खिडकीतून, पण फोटो उतरतो माझ्यातून.

कल्याणप्पा पंचवीस वर्षांचे होते तेव्हा त्यांनी सोलापूरच्या एका निवृत्त इंजिनिअरकडून मला कॅमेऱ्यासकट विकत घेतलं. त्यांचा हात फार हलका. लग्नं, बारशी, पोळ्याला सजवलेल्या बैलजोड्या, सगळं आम्ही दोघांनी टिपलं. भूकंपाच्या साली उमरग्याकडची माणसं स्टुडिओच्या पायरीवर येऊन बसली होती. त्यांच्याकडच्या लग्नात आम्ही काढलेल्या फोटोंतून गेलेल्यांचे चेहरे त्यांना मोठे करून हवे होते. कल्याणप्पा चार दिवस डार्करूममधून जेवणापुरतेच बाहेर आले. एक म्हातारी आपल्या सुनेच्या फोटोवरून बोट फिरवत म्हणाली होती, "हुबेहूब हाय बगा. आत्ता बोलंल." त्या दिवशी मला माझ्या काचेचा अभिमान वाटला.

पुढं डिजिटल कॅमेरे आले, मग मोबाइल. कल्याणप्पांनी मला कॅमेऱ्यासकट जाड चामडी पाकिटात घालून घरातल्या लोखंडी कपाटात ठेवलं. ते कपाट मोरीच्या भिंतीला लागून होतं. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ते पाकीट बाहेर काढत, त्याला हळदकुंकू लावत, फूल वाहत आणि पुन्हा आत ठेवत. ते मला विसरले होते, असं मी म्हणणार नाही. देवासारखं ठेवलं होतं त्यांनी मला. पण चामडं ओल धरून ठेवतं, मित्रांनो. माझ्या आतल्या भिंगांवर बुरशीचे बारीक पांढरे धागे पसरू लागले. दर वर्षी थोडे जास्त. मला ते कळत होतं, पण कोणाला सांगता येत नव्हतं.

कल्याणप्पांची मुलगी शिवांजली सोलापुरात लग्नांचे फोटो काढते. गेल्या दिवाळीत ती वडिलांसाठी एक नवी लेन्स घेऊन आली, आणि सोबत फिल्मचे दोन रोल. ही लेन्स जपानची. माझ्या कारखान्याशी जुनी चुरस असलेल्या कंपनीची, पण आमच्याच कॅमेऱ्याच्या तोंडावर चपखल बसणारी. कपाट उघडंच होतं; पाकिटाच्या फटीतून मी तिच्याकडे बघितलं आणि माझा जळफळाट झाला. अंगानं हलकी, काचेवर जांभळी झाक. सूर्य समोर असला तरी तिचा फोटो फिका पडत नाही म्हणे. माझं तसं नव्हतं. तरुणपणीही उन्हाकडे तोंड केलं की मी थोडी बिचकायचेच. मात्र सावलीतला चेहरा मी जसा मऊ उतरवायचे, तसा तिला साधला नसता, असं मला अजून वाटतं.

शिवांजली म्हणाली, "अप्पा, एक रोल घालू. निम्मे फोटो जुन्या लेन्सनं काढा, निम्मे नव्या. मग बघू कुठली कशी हाय ते."

कल्याणप्पांना ते लागलं. "पंचवीस वर्सं हिनं घर चालवलं. आता हिची परीक्षा घ्यायची व्हय?"

"परीक्षा न्हाय ओ अप्पा. बंद होती इतकी वर्षं. निदान काढून उजेडात तरी धरा."

"काय झालं न्हाय तिला. पाकिटात हाय."

नवी लेन्स खोक्यातच राहिली.

संक्रांतीनंतर इरम्मा, कल्याणप्पांच्या पत्नी, अंथरुणाला खिळल्या. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. शिवांजली सुट्टी काढून आली. एका दुपारी इरम्मा नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, माझा एक फोटू काढा की. परसात, शेवग्याखाली."

कल्याणप्पा उठले ते थेट कपाटाकडं गेले.

त्यांनी मला बाहेर काढलं, वरची धूळ रुमालानं टिपली आणि रोल भरला. लेकीनं आईला इरकली नेसवून खुर्चीत बसवलं. ऊन उतरलं होतं आणि सूर्य नेमका इरम्मांच्या पाठीमागं होता. कल्याणप्पांनी खिडकीला डोळा लावला. खिडकीत सगळं लख्ख होतं. माझ्या आत मात्र तो उजेड शिरला आणि धाग्याधाग्यावर सांडला. मला काहीच धरता येईना. ते एकामागून एक फोटो काढत राहिले. छत्तीस फोटोंच्या रोलमधले पस्तीस झाले. इतका जीव लावून काढलेले फोटो मी त्यांच्या हातून कधी पाहिले नव्हते.

"अप्पा, शेवटचा एक नव्या लेन्सनं?" शिवांजलीनं विचारलं.

ते कॅमेरा हातातून सोडेनात. इरम्माच बोलल्या, "काढू द्या की लेकराला. लई हट्टी हाव तुमी!" असं म्हणताना त्या हसल्या. शिवांजलीनं मला काढून तिला बसवलं आणि खटका दाबला.

त्यानंतर अकराव्या दिवशी इरम्मा गेल्या.

माती होऊन पंधरवडा झाल्यावर कल्याणप्पांनी रोल स्वतः धुतला. ओली फिल्म दिव्यासमोर धरली. पस्तीस चौकटींत नुसतं धुकं होतं. इरम्मा कुठं होत्या, ते खुर्चीवरून ओळखायचं. कल्याणप्पांना आधी फिल्म धुवायचं औषध बिघडलं असं वाटलं. मग शेवटची चौकट दिसली. कपाळावरची विभूत, इरकलीचा काठ, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, सगळं होतं तिच्यात.

त्यांनी फिल्म वाळत टांगली. मग त्यांनी मला ट्यूबलाइटसमोर धरलं आणि पहिल्यांदा माझ्यातून आरपार बघितलं. जाळं दिसलं. मला वाटलं, आता आपटणार. पण ते शिवांजलीला म्हणाले, "तू सांगितलं होतंस. म्या हिला जपलं न्हाय गं. निस्तं झाकून ठिवलं."

शिवांजली पुढं आली. तिनं त्यांच्या हातातून मला अलगद घेतलं.

पुण्याच्या कारागिरानं मला उघडून साफ केलं. बुरशी निघाली, पण तिनं खाल्लेली काच परत येत नाही. आता कॅमेऱ्यावर नवी लेन्स असते. ती चांगली आहे, हे मी मान्य केलं आहे. तिनं तो एक फोटो काढला नसता तर या घरात इरम्मांचा चेहराच उरला नसता. मी घराच्या खिडकीत काचेच्या बरणीत असते. शिवांजली महिन्यातून एकदा घरी येऊन मला उन्हात ठेवते.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं काहीतरी बंद असेल. ते उघडा, उजेडात धरा, वापरा. पूजा नंतर करा. आणि घरातल्या माणसाचा फोटो त्यानं मागायची वाट बघू नका. बेचाळीस वर्षांच्या संसारात इरम्मांनी एकदाच फोटो मागितला, आणि त्या दिवशी मी आंधळी होते.