रागिणीच्या गावाचे नाव

मित्रांनो, मी एक जुने नाव आहे. दूर जर्मनीतल्या एका शहराचे. मला हात नाहीत, पाय नाहीत. कोणाच्या तोंडी आलो की जगतो, नाहीतर धुक्यासारखा तरंगत राहतो.

आठशेहून अधिक वर्षांपूर्वी तिथे नदीकाठी, मठातल्या साधूंच्या वस्तीजवळ बाजार भरे. आपण ‘मामाकडे’ म्हणतो ना, तसे लोक ‘साधूंकडे’ म्हणत. त्यांच्या बोलीतला तो शब्द प्रत्ययासकट झिजत गेला आणि मी म्युन्शेन झालो. इटलीत मला मोनाको म्हणतात, पोलंडमध्ये मोनाख्युम, चेक लोकांत म्निखोव. इंग्रजांनी म्युनिक केले. ज्याने जे अंगावर चढवले, ते मी आनंदाने मिरवले.

मग वऱ्हाडातल्या दर्यापूरची रागिणी नोकरीसाठी तिथे गेली, तिने घरही घेतले आणि मी दर्यापुरात पोचलो. सगळे मला ओळखू लागले. फक्त तिची आई, मैनाबाई, मला तोंडात घेत नसे. “पोरगी तिकडं असते,” एवढेच सांगे. माझा उच्चार केला तर पोर कायमची तिथलीच होईल, अशी तिला भीती. मी तिच्या ओठांपर्यंत जाई आणि हिरमुसून परत येई.

यंदा रागिणी सुट्टीला आली. सोबत न्यायला आहेर म्हणून मैनाबाईने तिला अकोल्यात पितळी डबा घेतला. भांड्यांवर नावे घालणारे नत्थुजी मशीन घेऊन बसले होते.

“नाव सांगा, गाव सांगा.”

“रागिणी लिवा. गाव दर्यापूर.”

रागिणी खाली मान घालून झाकणावर बोट फिरवत राहिली.

“काय वं, गप काहून झाली?” मैनाबाईने विचारले.

“सहा वर्सं झाली, आई. तू माह्या घराले एकदाही घर म्हटलं नाई.”

मैनाबाईने डबा उचलून पदराने पुसला. मी तिथेच घुटमळत होतो. मला फार आशा लागली होती.

“नत्थुजी, दर्यापूर राहू द्या,” ती शेवटी म्हणाली. “म्युनिक लिवा. माह्या पोरीचं घर हाये तिथं. पुढच्या साली मी बी म्युनिकले जाईन.”

मित्रांनो, मी राजांच्या फर्मानांत होतो, मोठमोठ्या नकाशांत होतो. पण त्या दिवशी वऱ्हाडी ‘ले’ प्रत्यय लावून एका आईच्या तोंडून निघालो आणि मला भरून आले. तुमचेही कोणी दूर राहत असेल, तर त्याच्या गावाचे नाव एकदा त्याच्यासमोर घ्या. उच्चार चुकला तरी चालेल. ते माणूस तेवढे ऐकायला किती वर्षे थांबले आहे, हे तुम्हाला ठाऊक नसते.