आल्हाद बोलणारा नाही

अमोल शिर्के महाकालाच्या दर्शनाला उज्जैनला आला आणि माधवनगरात माझ्या घरी पोहे खायला बसला. तो मजेत खात होता. मी पोह्यांतले शेंगदाणे नुसते बाजूला काढत होतो.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी आम्ही कमांडो कोर्सला जोडीदार होतो. जंगलात लपून राहायचं, आणि 'शत्रू'ने पकडलं तर नाव, हुद्दा, नंबर सांगायचा. बाकी तोंड बंद. शत्रू म्हणजे आपल्याला शिकवणारे उस्तादच, पण मार खरा. तिसऱ्या दिवशी मी पकडला गेलो. दीड दिवस उभं ठेवलं, गार पाणी ओतलं, तरी मी टिकलो. मग जखम बांधायला एक कंपाउंडर आला.

"उज्जैनचे का तुम्ही? आमचे मामा फ्रीगंजातच राहतात ना, टॉवरच्या मागे. तुम्ही कोणाकडचे?"

परमुलखात आपल्यासारखं बोलणारा भेटला की आम्हा लोकांचं डोकं ठिकाणावर राहत नाही. कोर्समधले पुण्या-साताऱ्याचे सोबती माझ्या हिंदीमिश्रित मराठीला हसायचे. हा अगदी घरचं बोलत होता. मी आजोळ सांगितलं, आत्याचं सासर सांगितलं, त्याच्या मामांशी नातंसुद्धा जुळवून टाकलं.

"आणि तुमचा जोडीदार कुठे बसून राहिला बिचारा? त्यालाही चाय पाठवतो."

मी नाल्याकाठची जागा सांगून मोकळा झालो. माराला पुरून उरलो आणि कपभर चहाला फुटलो, गाढव कुठला! अमोल तासाभरात सापडला. पुढे तो नापास झाला, मी पास.

"वहिनी, पकडल्यावर उस्ताद मला सारखे म्हणायचे, तुझा जोडीदारच फुटला," अमोल माझ्या बायकोला, प्रतिभाला, सांगत होता. "मी मनात हसायचो. कैद्याला असं खोटं सांगूनच फोडतात, हे आम्हाला शिकवलेलंच होतं."

प्रतिभा कौतुकाने माझ्याकडे पाहू लागली. ते मात्र मला सोसवेना.

"अमोल, खरंच होतं ते. मीच सांगितलं, यार."

त्याला थट्टा वाटली. मग मी मामांपासून चहापर्यंत सगळं सांगितलं. प्रतिभा उठून आत गेली. अमोलने बशी बाजूला सारली.

"शेवटी जोडीदाराबद्दल लिहून द्यायचं होतं, त्यावरच पास-नापास ठरणार होतं, आठवतं?" तो म्हणाला. "मी लिहिलं, आल्हाद मोडेल, पण बोलणार नाही. साहेबांनी दोनदा विचारलं, बदलायचंय का? मला वाटलं, परीक्षा अजून चालूच आहे. नाही म्हणालो."

मग त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं.

"तू काय लिहिलं होतंस?"

आता आणखी खोटं बोलायची ताकद माझ्यात नव्हती.

"लपण्यात हलगर्जी. भरवशाचा नाही."

हे माझ्याकडून कुणी काढून घेतलं नव्हतं. मला पास व्हायचं होतं, म्हणून मी ते आपणहून लिहिलं होतं.